‘पदरी घेणे’ आणि ‘पोटात घालणे’ : मराठी ख्रिस्ती साहित्यातील पापकबुलीचा कारकविचार

१

पापाची कबुली आणि पापाची क्षमा हा ख्रिस्ती धर्मविचाराचा गाभा होय. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे अभ्यासक या विषयाकडे सामान्यतः दोन वाटांनी जातात. एक वाट धर्मांतराच्या इतिहासाची, दुसरी संतवाङ्मयाशी तुलना करण्याची. दोन्ही वाटांवर पुष्कळ हाती लागते. परंतु कबुली ही मुळात एक भाषिक कृती आहे, ती उच्चारल्यावाचून घडतच नाही, ही साधी गोष्ट दोन्हीकडे मागे पडते. मनातल्या मनात वाटणारी खंत म्हणजे कबुली नव्हे. कुणीतरी, कुणापुढे तरी, कशाविषयी तरी बोलावे लागते. म्हणजेच कबुलीच्या वाक्याला कर्ता लागतो, कर्म लागते आणि ज्याच्यापुढे व ज्याच्या बाबतीत उत्तर द्यावयाचे तो संप्रदानस्थानीचा पुरुषही लागतो. ‘संप्रदान’ ही संज्ञा येथे काहीशा सैल अर्थाने वापरली आहे, हे आरंभीच सांगणे योग्य होईल. या तीन कारकांच्या कसोटीवर मराठी ख्रिस्ती लेखन लावून पाहावे, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी मावळ हा प्रदेश मध्यवर्ती धरला आहे, त्यास कारण आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहूस व पुढे आळंदीस जाते. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि लोणावळे हे रेल्वेचे गाव बनले. जुन्या गॅझेटियरमध्ये तेथील रेल्वे कारखान्याबरोबरच प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक या दोन्ही पंथांच्या प्रार्थनास्थळांची नोंद आढळते. पुढे विसाव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंच्या एका साधनाकेंद्रामुळे लोणावळ्याचे नाव देशोदेशीच्या ख्रिस्ती साधकांपर्यंत पोचले. वारकऱ्यांची क्षमायाचना आणि ख्रिस्ती पापनिवेदन या दोन परंपरा इतक्या जवळ नांदत असलेला दुसरा प्रदेश पुणे जिल्ह्यात सहसा सापडावयाचा नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘कबुली’ हा शब्द अरबी मुळाचा. तो दरबार आणि न्यायकचेरी यांच्या वाटेने मराठीत रुळला. ‘कबुलीजबाब’ म्हटले की आरोपी, लेखनिक आणि न्यायाधीश डोळ्यांपुढे उभे राहतात. ‘पापनिवेदन’ व ‘पापांगीकार’ हे संस्कृत घडणीचे शब्द धर्मोपदेशकांच्या लेखणीतून आले. ते अर्थाने निर्दोष असले तरी स्वयंपाकघरात किंवा शेताच्या बांधावर कुणी उच्चारीत नाही. गोव्याच्या कोंकणीत पोर्तुगीज क्रियापदावरून ‘कुमसार’ हा शब्द तयार झाला. परक्या शब्दाला तेथे घरचा उच्चार मिळाला आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकला. परंतु ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ बोलणाऱ्याला उलगडत नाही.

या सर्वांहून वेगळा असा एक प्रयोग मराठी पवित्र शास्त्राच्या रूढ भाषांतरात आढळतो. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनात, पापाच्या संदर्भात ‘पदरी घेणे’ हा वाक्प्रचार योजिला आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘होमोलोगेओ’ याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ ‘तेच म्हणणे’, म्हणजे माझ्याविषयी जे खरे आहे तेच मीही म्हणणे, असा आहे. भाषांतरकारांनी या शब्दाची फोड केली नाही. त्यांनी मराठी घरातली एक हालचाल उचलली. पदर हा अंगावरचा असतो. त्यात घेतलेली वस्तू आपल्या देहाशी, आपल्या चालण्याशी बांधली जाते. ती दुसऱ्याच्या अंगणात टाकता येत नाही. न्यायालयातला आरोपी गुन्हा कबूल करून बाजूला उभा राहू शकतो. पदरी घेणाराला ती सोय नाही.

याच पदराची मराठीत आणखी दोन कामे आहेत. याचक ‘पदर पसरतो’ आणि आश्रयदाता ‘पदरात घेतो’. म्हणजे पाप पदरी घ्यावे, रिकामा पदर पसरावा आणि मग आपल्यालाच कुणी पदरात घ्यावे, अशी संपूर्ण प्रक्रिया एका वस्त्राच्या आधाराने मराठीत सांगता येते. ख्रिस्ती सिद्धान्तातील पुढची पायरीही या वाक्प्रचारात सामावते, कारण दुसऱ्याचे पाप स्वतःच्या पदरी घेणे हेच ख्रिस्ताच्या क्रुसाविषयीच्या शिकवणीचे सार आहे. एका वाक्प्रचाराने एवढा भार पेलावा, ही भाषांतराच्या इतिहासातील लहान घटना नव्हे.

याउलट ‘पश्चात्ताप’ या शब्दाने भाषांतराला काही अंशी आखूड केले आहे, असे म्हणावे लागते. या शब्दात ‘मागाहून’ आणि ‘ताप’ आहेत, दिशा नाही. ग्रीक ‘मेतानोइया’मध्ये मनाचा पालट आहे, त्यामागे उभा असलेला हिब्रू धातू ‘शूब’ तर केवळ ‘माघारी वळणे’ एवढेच सांगतो. याच शब्दावरून युरोपातही मोठा वाद झाला होता. लॅटिन भाषांतरातील शब्दयोजनेमुळे ‘प्रायश्चित्त करा’ असा अर्थ शतकानुशतके घेतला जात होता. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार टिपांसह प्रसिद्ध करून त्या अर्थाला आव्हान दिले आणि लूथरने १५१७ च्या आपल्या सिद्धान्तांची सुरुवातच पश्चात्ताप हा संपूर्ण आयुष्याचा धर्म आहे, या विधानाने केली. एका क्रियापदाच्या भाषांतराने धर्मपंथांचा इतिहास वळू शकतो, एवढे जरी या उदाहरणावरून ध्यानात आले, तरी प्रस्तुत चर्चा केवळ शब्दांचा कीस काढणारी नाही, हे वाचकांना पटेल.

३

आता वाक्यरचनेकडे वळू. मराठीत दोष सांगण्याच्या किमान तीन रचना आहेत. ‘मी पाप केले’ ही पहिली. ‘माझ्या हातून पाप घडले’ ही दुसरी. ‘मला पाप लागले’ ही तिसरी. पहिलीत कर्ता स्वतः उभा आहे. दुसरीत कर्त्याच्या जागी त्याचा हात आला आहे आणि क्रियापद ‘करणे’ नसून ‘घडणे’ हे झाले आहे. तिसरीत तर पाप हेच कर्ता झाले. माणूस केवळ ज्याला ते चिकटले असा चतुर्थीतला पदार्थ उरला. चौथा प्रकार त्याहूनही सोयीचा आहे : ‘चूक झाली’. येथे मनुष्याचा उल्लेखच नाही. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ या लोकोक्तीत तर कर्ता, कर्म व ज्याचे नुकसान झाले तो, असे तिघेही एकदम प्रवाहात सोडून दिलेले आहेत.

या रचना खोट्या आहेत असे नव्हे. अहेतुक दोषासाठी भाषेला ‘हातून घडणे’ हवेच असते, आणि विटाळ, संसर्ग, दोष यांची जी जुनी कल्पना होती तिला ‘लागणे’ हेच क्रियापद शोभते. प्रश्न असा की ख्रिस्ती कबुलीस यांतील कोणती रचना पुरेशी आहे? लॅटिन उपासनेतील कबुलीची प्रार्थना प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापदानेच सुरू होते आणि दोष स्वतःचा असल्याचे त्रिवार सांगते. तेथे ‘घडले’ चालत नाही. जुन्या मराठीला या कामी एक साधन अधिक होते. ‘म्यां’ हे कर्त्याचे तृतीयेतील रूप एकोणिसाव्या शतकातील गद्यात सर्रास येई. ‘म्यां पाप केले’ या वाक्यात करणाऱ्यावर विभक्तीचे बोट ठेवलेले आहे. आजच्या प्रमाण मराठीत ‘त्याने पाप केले’ म्हणताना कर्त्याला ‘ने’ लागतो, पण स्वतःविषयी बोलताना ‘मी’ हे रूप कोरेच राहते. विभक्तीचे रूप लोपले म्हणून जबाबदारी लोपली, असा निष्कर्ष कोणताही भाषाशास्त्रज्ञ काढणार नाही. पण जे काम पूर्वी विभक्ती करीत असे ते आता लेखकाला शैलीने करावे लागते, एवढे खरे.

कर्त्याइतकाच कर्माचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘मी पापी आहे’ हे वाक्य नम्र आहे, परंतु त्यात क्रियाच नसल्यामुळे कर्मही नाही. मनुष्य आयुष्यभर स्वतःला पापी म्हणवून घेऊ शकतो आणि शेजाऱ्याचा बांध कोरल्याचे एकदाही सांगत नाही. १५५१ मध्ये त्रेंत येथील धर्मपरिषदेने गंभीर पापे प्रकारासह व नेमकी सांगावीत असा जो आग्रह धरला, त्यामागे हीच जाण असावी. त्या आग्रहातून पापांच्या याद्या आणि कर्मकांड वाढले, ही प्रॉटेस्टंटांची टीका निराधार नाही. तरी कर्माशिवाय कबुली नाही हे तत्त्व त्यामुळे बाधित होत नाही.

४

तिसऱ्या कारकाचा विचार करण्यासाठी देहूस जावे लागेल. तुकोबांनी देवापुढे स्वतःला पतित म्हणून उभे केले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या अशा अभंगांची ख्रिस्ती प्रार्थनांशी तुलनाही पुष्कळदा होते. परंतु प्रस्तुत दृष्टीने त्यांच्या शब्दांइतकीच, किंबहुना अधिक, एक कृती महत्त्वाची आहे. परंपरा असे सांगते की दुष्काळाच्या आघातानंतर तुकोबांनी घरातील कर्जखते इंद्रायणीत बुडविली. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची खते त्यांना देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. येथे क्षमा भावनेत राहिली नाही. तिला आकडा होता, कागद होता, आणि ज्याचे ऋण सुटले तो कुळवाडी नावानिशी ठाऊक होता. भावाचा हिस्सा सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे भानही त्या कृतीत आहे. दुसऱ्याचे देणे आपण माफ करू शकत नाही. क्षमेच्या विचारातील हा एक मूलभूत नियम त्या वाटणीत आपोआप पाळला गेला.

ख्रिस्ती प्रार्थनेत हीच प्रतिमा आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचे दोन पाठ शुभवर्तमानांत आढळतात. लूकच्या पाठात ‘पापे’ या अर्थाचा शब्द आहे, तर मत्तयाच्या पाठात ‘ओफेइलेमाता’, म्हणजे ‘देणी’, हा शब्द आहे. रूढ मराठी भाषांतराने मत्तयात ‘ऋण’ आणि ‘सोडणे’ हेच शब्द ठेवले, ही मोठी समजूतदारपणाची गोष्ट झाली. ग्रीक ‘आफिएमी’ या क्रियापदाचाही मूळ अर्थ सोडणे, जाऊ देणे असाच आहे. सावकाराच्या ओट्यावर ऋणाची भाषा बोलणाऱ्या, आणि बिलाच्या तळाशी ‘चूकभूल देणे घेणे’ असे लिहिणाऱ्या समाजाला या प्रतिमेचे भाष्य सांगावे लागत नाही.

मात्र त्या प्रार्थनेत एक अट आहे. आपले ऋण सुटावे असे वाटत असेल तर आपण आपल्या ऋणकोला सोडले पाहिजे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील चाकराचा दृष्टान्त हीच अट कथारूपाने सांगतो : दहा हजार तालान्तांचे देणे माफ झालेला चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आणि लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय याने तर क्षमेचा उच्चार ऐकण्यापूर्वीच, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. म्हणजे ख्रिस्ती कबुलीचे संप्रदान एकपदरी नाही. देव हा एक ऐकणारा; ज्याचे नुकसान झाले तो माणूस हा दुसरा. एक्कावन्नाव्या स्तोत्राची परंपरेने सांगितली जाणारी पार्श्वभूमी उरीयाच्या हत्येची आहे; परंतु त्या स्तोत्रात दोष केवळ देवाविरुद्ध घडल्याचे म्हटले आहे. भाष्यकारांनी त्याचे समाधान अनेक प्रकारे केले. पण दुसरा ऐकणारा गळून पडण्याची भीती किती प्राचीन आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

५

या तीन कारकांच्या आधारे आता मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा विचार करू. नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. टिळकांची ती उक्ती कवितेच्या संदर्भात नेहमी आठवली जाते. आपल्याला येथे गद्य पाहावयाचे आहे.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मराठी गद्याच्या इतिहासात त्याचे स्थान निर्विवाद आहे. त्यातील कर्ता खणखणीत आहे; ‘मी’ कोठेही लपत नाही आणि बाप्तिस्म्यापूर्वीची चलबिचलही तो झाकून ठेवीत नाही. परंतु त्या ‘मी’चे कर्म कोणते? बहुतांशी ते पूर्वीचे अज्ञान, पूर्वीची उपासना, पूर्वीचा भ्रम हे आहे. ज्या गोष्टीविषयी खेद व्यक्त व्हावयाचा ती गोष्ट लेखकाने केली असण्यापेक्षा ज्यात तो वाढला अशी आहे. परिणामी उजाडल्यानंतरचा ‘मी’ अंधारातल्या ‘मी’कडे काहीसा दुरून पाहतो. नावच ‘अरुणोदय’ असल्यावर हे स्वाभाविकही आहे. पहाट ही कुणी करीत नाही, ती होते. ‘चूक झाली’ आणि ‘पहाट झाली’ या दोन वाक्यांची घडण एकच आहे, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये. हे पुस्तक प्रांजळ आहे, प्रभावीही आहे. परंतु ते मुख्यतः साक्षीचे पुस्तक आहे, कबुलीचे नव्हे.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हा भेद स्वतःच्या आयुष्यात ओळखला. १८८३ मध्ये त्यांचा इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. परंतु आपल्याला प्रथम ख्रिस्ती धर्म सापडला होता आणि ख्रिस्त पुष्कळ वर्षांनी सापडला, असे त्यांनी १९०७ मधील आपल्या इंग्रजी साक्षीत स्पष्ट केले. मत स्वीकारणे आणि क्षमा मिळणे या दोन घटना होत, हे त्यांचे निरीक्षण मराठी ख्रिस्ती विचाराला मिळालेली मोठी देणगी आहे. लोणावळ्याहून पुण्यामार्गे पुढे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या केडगावी, त्यांच्या मुक्तिसदनात, १९०५ मध्ये जी धार्मिक जागृती झाली तिच्यात शेकडो मुली व स्त्रिया मोठ्याने रडून आपली पापे उघडपणे सांगू लागल्या. दुष्काळातून वाचलेल्या, विधवा म्हणून टाकलेल्या, ज्यांच्यावर इतरांनी अन्याय केला त्याच स्त्रिया पाप कबूल करीत होत्या. या दृश्याकडे दोन प्रकारे पाहता येते. ज्यांचा अपराध सर्वांत कमी त्यांच्याच तोंडून कबुली आली, ही त्यातील विपरीतता. पण ज्यांना आजवर कुणी कर्ता मानलेच नव्हते, ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून ज्यांना ‘पाप लागले’ एवढेच सांगितले गेले होते, त्यांनी ‘मी केले’ असे म्हणणे म्हणजे तिसऱ्या रचनेतून पहिल्या रचनेत येणे होते. ‘लागलेल्या’ पापाला उपाय नसतो. ‘केलेल्या’ पापाला क्षमा असते. हा व्याकरणाचा पालट त्यांच्या मुक्तीचा भाग होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे जे भाषांतर सिद्ध केले त्याची भाषा सामान्य स्त्रियांना कळेल अशी साधी असावी, हा त्यांचा आग्रहही याच जाणिवेतून आला असावा.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–१९३७) या मालिकेत सर्वांत शेवटी येतात आणि कारकदृष्ट्या सर्वांत पूर्ण आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला. त्यानंतर पतीपाशी राहूनही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे काही काळ चालू ठेवले. पुढे जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हा विचार मनात पक्का झाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. या प्रसंगात ‘पाप’ या शब्दावर भर नाही. परंतु काय केले, कुणी केले आणि कुणाच्या बाबतीत केले, हे तिन्ही प्रश्न सुटलेले आहेत. कर्म नेमके आहे : अमक्याच्या हातचे पाणी न पिणे. संप्रदान नेमके आहे : तो हात ज्याचा, तो माणूस. आणि माघारी वळणेही नेमके आहे : त्याच हातचे पाणी पिणे. ‘मेतानोइया’ या शब्दाचे याहून चांगले मराठी भाष्य शोधूनही सापडणार नाही. शिवाय लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी स्वतःच्या सोवळ्यावरही चालते. आत्मनिंदेत जो एक सूक्ष्म अभिमान असतो त्याला तिने वाव दिला नाही.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच विषय लोणावळ्यात वेगळ्या रूपाने पुढे आला. अँथनी डि मेलो (१९३१–१९८७) या मुंबईत जन्मलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९७० नंतरच्या दशकात पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली आणि पुढे ती लोणावळ्यास नेली. ‘साधना’ याच नावाचे त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक भाषांत गेले. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नासियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाची पार्श्वभूमी येथे लक्षात घेतली पाहिजे. त्यातील पहिला आठवडा पापाच्या चिंतनाचा आहे. दैनंदिन आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्यांत मात्र क्रम असा : प्रथम उपकारस्मरण, मग प्रकाशाची याचना, मग मनाकडून हिशेब, मग क्षमायाचना, मग सुधारण्याचा निश्चय. उपकार आधी आणि हिशेब नंतर, हा क्रम फार अर्थपूर्ण आहे. देणे किती हे कळण्यापूर्वी मिळाले किती हे कळावे लागते.

डि मेलो यांनी पश्चात्तापाचे धोके दाखविले. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या एकांतसाधनेच्या प्रवचनांत, स्वतःला क्षमा करता न येणे आणि देवाची अतिरेकी भीती बाळगणे, या दोहोंविषयी ते सावध करतात. ज्यांनी बालपणापासून पापांच्या याद्या पाठ केल्या त्यांना या शिकवणीने श्वास मोकळा झाला असेल, यात नवल नाही. परंतु त्यांच्या उत्तरकालीन बोधात ‘मी’ म्हणवणारा हाच एक भास आहे, जागे व्हा, असा सूर बळावत गेला. १९९८ मध्ये रोमच्या श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने त्यांच्या लेखनातील काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे निवेदन काढले. सत् आणि असत् ही वस्तुस्थितीवर मनाने लादलेली मूल्यमापने होत, असा अर्थ त्या लेखनातून निघतो, हा त्यातील एक आक्षेप होता.

या वादात धर्मशास्त्रीय निवाडा देण्याचा येथे अधिकारही नाही आणि हेतूही नाही. भाषेच्या अभ्यासकाला दिसते ते एवढेच : आधीच्या सर्व चर्चेत कर्म किंवा संप्रदान गळत होते, येथे प्रथमच कर्ता विरघळू पाहतो. अद्वैताच्या भूमीत हा सूर अपरिचित नाही. पण कर्ता विरघळला की अपराधी सुटतो, तसा क्षमेचा अधिकारीही सुटतो, कारण ज्याने काही केलेच नाही त्याला काय सोडावयाचे? आणि ज्याचा बांध कोरला गेला त्या शेजाऱ्याला ‘कोरणारा भासमात्र होता’ हे उत्तर पुरत नाही. आणखी एक गोष्ट खेदाने नमूद करावीशी वाटते. इंद्रायणीच्या उगमाजवळ वसलेले हे सर्व विवेचन मुख्यतः इंग्रजीत झाले. ‘पदरी घेणे’ आणि ‘ऋण सोडणे’ हे शब्द हाकेच्या अंतरावर होते; त्यांचा उपयोग झाला असता तर वादाचे स्वरूप बदलले नसते कदाचित, पण ऐकणाऱ्यांत मावळचा शेतकरी व रेल्वेचा कामगार यांचाही समावेश झाला असता.

७

शेवटी ‘पोटात घालणे’ या वाक्प्रचाराकडे येऊ. मराठीत क्षमेसाठी याहून जिव्हाळ्याचा शब्द नाही. लेकराचे अपराध आई पोटात घालते. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत देवाकडेही हेच मागितले जाते. मराठी ख्रिस्ती भक्तीलाही ही मायेची भाषा परकी नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील बाप मुलाचे पाठ केलेले वाक्य पुरे होऊ देत नाही, तेव्हा तोही एका अर्थी पोटातच घालतो.

परंतु या वाक्प्रचाराची दिशा तपासून घेतली पाहिजे. ज्याच्या हाती सामर्थ्य आहे त्याने दुबळ्याचा अपराध पोटात घातला तर ती कृपा होय. दुबळ्याला बलवंताचा अपराध पोटात घालावयास सांगितले तर ते मौन लादणे होय. मराठी घरात हे वाक्य कुणाला ऐकविले जाते? सुनेला, धाकट्याला, चाकराला. पोटात गेलेली गोष्ट दिसेनाशी होते; तिला नाव उरत नाही, तिचा हिशेब उरत नाही. ‘ऋण सोडणे’ या प्रयोगात मात्र सोडण्यापूर्वी खत वाचले जाते, आकडा मान्य होतो. म्हणून क्षमेच्या उपदेशात ‘पोटात घाल’ हे शब्द येतील तेथे, संबंधित अपराध कुणी पदरी घेतला आहे काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. पदरी घेतल्यावाचून पोटात घालणे म्हणजे क्षमा नव्हे, लपवणूक होय. देशोदेशीच्या ख्रिस्ती धर्मसंस्थांमधील अत्याचारांची जी प्रकरणे अलीकडच्या दशकांत उघडकीस आली, त्यांत पीडितांना क्षमेचा उपदेश आधी झाला आणि अपराध्याची कबुली फार उशिरा आली, किंवा आलीच नाही. हा दोष सिद्धान्ताचा नव्हता; क्रमाचा होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ मध्ये, कॅथलिक पापनिवेदनाचा विधी नव्याने सिद्ध झाला आणि त्यात समेटाच्या कल्पनेला अग्रस्थान मिळाले. मराठी पवित्र शास्त्रातही ‘समेट’ हाच शब्द पौलाच्या पत्रांत रुळलेला आहे. हा शब्द प्रस्तुत चर्चेचा समारोप करण्यास योग्य वाटतो, कारण समेट एकट्याने होत नाही. त्याला दोन पक्ष लागतात आणि दोघांमधील तंटा कोणता हे दोघांनाही ठाऊक असावे लागते. मराठी ख्रिस्ती साहित्याने कर्ता उभा करण्याचे काम एकोणिसाव्या शतकातच केले. कर्म नेमके करण्याचे काम केडगावच्या प्रार्थनागृहात आणि लक्ष्मीबाईंच्या गद्यात झाले. संप्रदान, म्हणजे ज्याचे देणे लागतो तो माणूस, अजून पुष्कळदा वाक्याबाहेर उभा आहे. जातीच्या बाबतीत तो उभा आहे, घरातील स्त्रीच्या बाबतीत तो उभा आहे. त्याला वाक्यात आणावयाचे तर नवे शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. ‘पदरी घेणे’ आणि ‘ऋण सोडणे’ हे जुने शब्द त्यांच्या योग्य क्रमाने वापरले, तरी पुरेसे आहे.